हाताने फिरवायचं घुसळणयंत्र केलंय. फेस येतो, लोणी येत नाही. कुठे चुकतंय?

भांडुपचा फिटर
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा डाय फिटिंगला. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. हाताला सवय आहे, वेळही आहे, अक्कल कमी पडतेय. ती उसनी मागायला आलोय.

आमच्याकडे रोज दीड लिटर फुल क्रीमचं पिशवीचं दूध येतं. साय साठवायची, विरजण लावायचं, आठ दिवसांनी लोणी काढून तूप कढवायचं, हे लग्नापासून चालू आहे. ही दोन तळहातांत रवी धरून घुसळायची. गेल्या मे महिन्यात हिचा उजवा खांदा आखडला आणि रवी बंद पडली. मग मिक्सर. मिक्सरच्या भांड्यात एवढी साय मावत नाही, त्यामुळे चार घाणे करायचे. शेवटच्या घाण्यापर्यंत भांडं कोमट होतं आणि लोणी गोळा यायच्या ऐवजी मलमासारखं भांड्याला फासलं जातं. शिवाय सकाळी सहाला मिक्सर लावला की वरच्या मजल्यावरून खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो. तो मुद्दाम असतो.

मग ऑनलाइन एक प्लॅस्टिकचं हाताने फिरवायचं यंत्र मागवलं. तिसऱ्या आठवड्यात गिअरचे दात गेले. उघडून बघितलं तर पिनियनचा, म्हणजे छोट्या दातेरी चाकाचा, एकेक दात तांदळाच्या दाण्याएवढा. विकणाऱ्याला कळवलं, तर उत्तर आलं की फार घट्ट पदार्थासाठी वापरू नये. लोण्याच्या यंत्रात लोणी आलं की घट्ट होणारच ना हो!

खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटलं. हात शिवशिवत होतेच.

नागदेवीला, मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, जाऊन एक जुनं हात-ड्रिल उचललं, पूर्वी सुतार वापरायचे ते, दांडा फिरवायचं. मोठं चाक ६० दाती, पिनियन १५ दाती, म्हणजे हाताच्या एका फेऱ्याला रवीचे चार. ड्रिलचं पातं पकडणारा चक काढून टाकला, त्या जागी ८ मिमीचा स्टेनलेसचा दांडा बसवला, ३०४ ग्रेडचा. खाली चार पाती, टोकापासून टोकापर्यंत ९ सेंमी. डबा स्टीलचा, सरळ भिंतीचा, आतून १६ सेंमी व्यास, उंची २०. झाकण १२ मिमीच्या नायलॉनच्या शीटमधून कापलं, बरोबर मध्ये भोक, त्यात दांडा टेकून फिरायला बुश. हाताचा दांडा १२ सेंमी लांब. सगळं ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर केलं. दांड्याचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो ते, डायल लावून तपासला, दोन शतांश मिलिमीटरसुद्धा नाही. (हे सांगायची गरज नव्हती, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

आज पहिली घुसळण केली. मी स्वतः फिरवलं. मिनिटाला हाताचे सत्तर फेरे धरा, म्हणजे रवीचे २८०. पस्तीस मिनिटं! साय नुसती गोल गोल फिरते. मध्ये खड्डा पडतो, कडेने साय वर चढते, झाकणापर्यंत फेस येतो. लोण्याचा कण नाही. वरून शाफ्टच्या बाजूने ग्रीसचा एक काळा थेंब पडला तो वेगळाच. त्या थेंबासकट सगळं टाकून द्यावं लागलं. आठवड्याची साय गेली, घरात वातावरण तंग आहे.

माझे प्रश्न: गिअर १:४ चा १:६ करू का? पाती वाकडी करू की भोकं पाडू? की डबाच बदलू?

मिक्सर झिंदाबाद
रविवार, रात्री ९.५८

काका, मिक्सर, बर्फाचे सहा खडे, ५ मिनिटं. विषय संपला.

गिरगावची मावशी
रविवार, रात्री १०.२५

वरच्यांनी प्रश्न नीट वाचलेला दिसत नाही, असो.

अहो फिटरभाऊ, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. गिअरचे दात मोजून सांगितलेत, पण साय किती होती, पाणी किती घातलं, किती गार होती, हे कोण सांगणार? माझ्या नव्वदीच्या सासूबाईंनी लोणी आलं नाही की कधी रवीला दोष दिला नाही. त्या आधी डेऱ्याला हात लावून बघायच्या.

सध्या ऑक्टोबर हीट आहे. रात्री विरजण लावून साय ओट्यावर ठेवली असेल आणि सकाळी तशीच घुसळली असेल, तर लोणी येणार कुठून? विरजण लागलं की डबा फ्रिजमध्ये. घुसळताना गार पाणी. माझं माहेर वाईचं. तिथे पौषात उलटं असायचं, लोणी यायला वेळ लागला की आई कोमट पाण्याचा हबका मारायची. भांड्याला बोट लावूनच कळायचं गार हवं की कोमट.

आणि आवाज ऐका. आधी पातळ खळखळ असते, मग फेस आला की आवाज बसतो, दबल्यासारखा होतो. तेव्हाच बरेच जण कंटाळून सोडतात. त्यानंतर एकदम पुन्हा खळखळ सुरू होते आणि रवीच्या पाकळ्यांना रव्यासारखे दाणे दिसतात. तिथे थांबायचं, गार पाणी ओतायचं आणि हळूहळू गोळा करायचा.

दोन गोष्टी विचारते. एक, तुमचं यंत्र एकाच बाजूला फिरतं ना? रवी आजवर कधी एका बाजूला फिरली आहे का? दोर इकडे ओढला की इकडे, तिकडे ओढला की तिकडे. तळहातात धरली तरी तसंच. दोन, हे यंत्र वहिनींसाठी केलंत म्हणता, पण सगळ्या पोस्टमध्ये "मी फिरवलं" आहे. वहिनींनी फिरवून बघितलं का?

ढवळ्या
सोमवार, सकाळी ७.१०

मावशींनी पहिल्याच फटक्यात दुखणं पकडलंय. मी केमिकल प्लांटमध्ये ढवळण्याच्या टाक्यांवर काम करतो (म्हणून हे नाव), त्यामुळे त्यांचंच म्हणणं आकड्यांत सांगतो. सध्या ट्रान्सहार्बर लोकलमध्ये उभा आहे, टायपो समजून घ्या.

गोल, गुळगुळीत डबा, बरोबर मधोमध दांडा आणि एकाच दिशेने फिरणं, हे तिन्ही जमलं की आतला माल पात्यांबरोबर फिरायला लागतो. पातं २८० ने फिरतंय, माल २०० ने, म्हणजे पात्याला तो दिसतो फक्त ८० ने. (आकडे उदाहरणादाखल.) तुम्ही साय घुसळत नाही आहात, तिला मेरी-गो-राउंडवर बसवलंय. मधला खड्डा त्याचाच.

आमच्या टाक्यांत याला उपाय म्हणजे बॅफल. आतल्या भिंतीवर चार उभ्या पट्ट्या, प्रत्येकीची रुंदी टाकीच्या व्यासाच्या दहाव्या ते बाराव्या हिश्शाएवढी. तुमच्या १६ सेंमीच्या डब्याला १३ ते १६ मिमी. भिंतीपासून दोन मिमी सुटी ठेवा म्हणजे मागे काही अडकणार नाही. बॅफल नको असतील तर दुसरा मार्ग, दांडा मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवायचा. लहान टाक्यांत आम्ही सर्रास करतो, भोवरा नीट बनतच नाही.

गिअर १:६ अजिबात करू नका. अशा ढवळणीत लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दीडपट केलात तर हाताला जवळजवळ साडेतीनपट जड. पात्याचा व्यास तर त्याहून वाईट, ताकद त्याच्या पाचव्या घाताने जाते. म्हणजे ९ सेंमीचं पातं ८ चं केलंत तर टोकाचा वेग जेमतेम एक नवमांश कमी होईल, पण हातावरचं ओझं जवळजवळ निम्म्यावर येईल. खांदा दुखतोय ना वहिनींचा? मग कात्री तिथे लावा.

एक आधीच सांगून ठेवतो. भोवरा मोडला की यंत्र आजच्यापेक्षा जड लागेल. काही बिघडलं असं समजू नका. आज हलकं लागतंय ते काम होत नाही म्हणून.

भांडुपचा फिटर
सोमवार, संध्याकाळी ६.३०

मावशी, कान पकडले. साय एक किलो शंभर, पाणी पावणेदोन-दोन लिटर घातलं होतं, म्हणजे चार लिटरच्या डब्यात तीन लिटर. तापमान मोजलं नव्हतं. आज मुलाचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन ओट्यावर नुसतं पाणी ठेवून बघितलं, २९ अंश. पस्तीस वर्षांत न मोजता एक जॉब हातावेगळा केला नाही, आणि इथे मोजायचंच विसरलो.

ढवळ्या, तुमची पोस्ट वाचून माळ्यावर चढलो. आईची दोरीची मोठी रवी होती, गावाहून आणलेली, ती खाली काढली. वरच्या दांड्यावर दोरीने घासून खाच पडलीय, अशी गुळगुळीत की पॉलिश मारल्यासारखी. आईने किती वर्षं ओढली असेल देव जाणे. खाचेत व्हर्नियर लावला, व्यास २४ मिमी. म्हणजे परीघ साडेसात सेंमी. मी खुर्चीवर बसून दोरी ओढून बघितली, माझी ओढ ५३ सेंमीची. एका ओढीला सात फेरे! आणि ओढ सहज एका सेकंदात होते. म्हणजे मिनिटाला चारशेच्या वर, आणि दर सेकंदाला दिशा उलटी.

माझं चार पट गिअरचं यंत्र २८० वर थकतं. मी समजत होतो की रवीला गिअर नाही म्हणून ती मागासलेली. गिअर होता. दोरी आणि बारीक दांडा. मला दिसला नाही, कारण त्याला दात नव्हते.

बॅफलचं हिला दाखवलं. ही म्हणाली, "त्या पट्ट्यांच्या मागे ब्रश कसा जाणार? आंबट वास बसेल." मग दांडा सरकवायचं ठरतंय. डब्याची त्रिज्या ८, आठाच्या पात्याची ४. तीन सेंमी सरकवला तरी भिंतीपासून एक सेंमी मोकळं राहतं.

वहिनींनी फिरवलं का, या प्रश्नाचं उत्तर: नाही.

साडेसहा फॅट
सोमवार, रात्री ११.०५

धागा आवडला. डेअरीत गुणवत्ता तपासणीत होतो, त्यामुळे साय आणि लोण्याबद्दल थोडं.

आधी पिशवीवर बघा, "होमोजिनाइज्ड" लिहिलंय का. दुधातले स्निग्धाचे कण सरासरी तीन-चार मायक्रॉनचे असतात. होमोजिनाइज करताना ते फोडून एक मायक्रॉनच्या आसपास आणतात, म्हणजे साय वर येऊ नये. तसल्या दुधातून हे सगळं करायला जाल तर हात दुखतील आणि दुसरं काही होणार नाही. तुमच्याकडे सायच जाड येतेय म्हणजे तुमचं दूध तसलं नसावं. फुल क्रीमला किमान ६ टक्के फॅट असावं लागतं, म्हणून साय भरपूर. म्हशीच्या दुधातले कण गायीच्यापेक्षा मोठे, म्हणून लोणीही लवकर.

आता फेस का येतो आणि लोणी का येत नाही. प्रत्येक कणाभोवती एक पातळ पापुद्रा असतो. घुसळताना हवा आत जाते, बुडबुडे होतात, कण बुडबुड्यांना चिकटतात आणि तिथे त्यांचा पापुद्रा फाटतो. बुडबुडा फुटला की फाटलेले कण एकमेकांना धरतात. म्हणजे फेस ही लोण्याची आधीची पायरीच आहे, पण तो फेस पुन्हा मोडला पाहिजे. तुमच्या डब्यात तीन चतुर्थांश भरल्यावर फेस वर जाऊन झाकणाला टेकला आणि तिथेच राहिला. मोडायला पातं तिथे नाही आणि जागाही नाही. डबा अर्ध्याच्या खालीच भरा.

आणि गारवा. कणातलं स्निग्ध थोडं घट्ट आणि थोडं पातळ असं मिश्र हवं. घट्ट भागाचे स्फटिक पापुद्रा आतून टोचतात, पातळ भाग गोंदाचं काम करतो. २९ अंशाला बहुतेक सगळं पातळ, म्हणजे टोचायला काही नाही. अगदी ५-६ अंशाला गोंद नाही. सायीला १० ते १४ अंश धरा, आणि आपल्याकडे स्वयंपाकघरच तापलेलं असतं म्हणून सुरुवात खालच्या टोकाला करा.

जुन्या युरोपियन डेअऱ्यांत लाकडी पिंप असायचं, आडव्या आसावर उलटंपालटं होणारं. आत पातीच नाहीत. साय नुसती वरून खाली आपटायची, तेवढ्यावर लोणी. त्यालाही अर्धं रिकामंच ठेवायचे, नाहीतर पडायला जागा कुठे? झाकणात काचेची एक खिडकी असे. ती सायीने माखलेली असते आणि लोणी सुटलं की एकदम स्वच्छ होते. मावशींचा आवाज तसा हा डोळ्यांनी बघायचा प्रकार. फिटरकाका, तुमच्या नायलॉनच्या झाकणात तेवढी खिडकी करता आली तर करा. दर दोन मिनिटांनी झाकण उघडायला नको.

पिनियन किंवा बुश पितळेचं असेल आणि त्याला आंबट ताक लागत असेल तर बदला, कळकतं. शिवाय तांब्याचा अंश लोण्यात गेला की तूप लवकर खवट होतं.

चोरबाजारचं गिऱ्हाईक
मंगळवार, दुपारी १.२०

मटन स्ट्रीटवर एकदा डेझीची लोणी काढायची बरणी हातात घेतली होती. अमेरिकेतल्या सेंट लुईसची कंपनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. वर लोखंडी गिअर आणि दांडा, खाली लाकडी पाती, काचेची बरणी. तेव्हा प्रश्न पडला होता की बरणी गोल न करता चौकोनी, गोलसर कोपऱ्यांची का केली असेल. ढवळ्या यांची पोस्ट वाचून आत्ता ट्यूब पेटली. कोपरेच बॅफल! धुवायलाही सोपं.

घेतली नाही, दुकानदाराने जो भाव सांगितला त्यात वर्षभराचं तूप आलं असतं.

ढवळ्या
मंगळवार, दुपारी १.४५

अगदी बरोबर. चौकोनी टाकीला आम्हीही बॅफल लावत नाही.

भांडुपचा फिटर
शनिवार, रात्री ८.१५

अहवाल देतो. थोडा लांबेल.

या वेळी साय दोन भागांत वाटली, प्रत्येकी साडेपाचशे ग्रॅम. दोन्हींत एक लिटर गार पाणी, दोन्ही १२ अंशावर, डबा जेमतेम चाळीस टक्के भरलेला. यंत्राला मुद्दाम हात लावला नाही, दांडा अजून मधोमधच. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पहिला भाग एकाच दिशेने फिरवला. बावीस मिनिटांनी दाणे दिसले. म्हणजे गारवा आणि रिकामी जागा एवढ्यावरच काम झालं, पण रडत रडत.

दुसरा भाग मावशींच्या पद्धतीने. आठ फेरे पुढे, आठ फेरे मागे. हात-ड्रिलचा गिअर दोन्हीकडे फिरतो, त्यात एक पैशाचा बदल लागत नाही. दिशा उलटवताना एक झटका बसतो, आत सपकन आवाज होतो आणि कडेला चढलेली साय कोसळते. सातव्या मिनिटाला आवाज दबला. मी थांबलो नाही. साडेदहाला परत खळखळ सुरू झाली, झाकण उघडलं तर पात्यांवर रवाळ दाणे. अकरा मिनिटं! दोन्ही मिळून ३५० ग्रॅम लोणी. दोन पाण्यांनी धुतलं.

मग मी हिला बोलावलं. मोठ्या थाटात म्हटलं, आता तू फिरव.

हिने चार फेरे फिरवले आणि दांडा सोडला. काही बोलली नाही, खांद्यावर हात ठेवला.

मी टेप आणली. ओटा ८६ सेंमी. त्यावर डबा २०, त्यावर गिअर, म्हणजे दांड्याचा मध्य ११६ वर. दांडा १२ सेंमीचा, म्हणजे मूठ वर जाते तेव्हा १२८. हिचा खांदा जमिनीपासून १२१ वर. प्रत्येक फेऱ्याला हात खांद्याच्या वर चढतो. नेमकं डॉक्टरांनी नको सांगितलेलं तेच मी गिअर लावून तिच्याकडून करून घेत होतो. मी पाच फूट आठ इंच, मला ते कधी जाणवलंच नाही. डायलवर दोन शतांश मोजले, बायकोचा खांदा मोजला नाही.

मावशी, तुम्ही प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला होतात.

मग रात्री बसून बदल केले. दांडा १२ चा ८ सेंमी केला. पाती ९ ची ८ केली, ढवळ्यांच्या हिशोबाने. आखूड दांड्याला जोर जास्त लागतो, तो पात्यांनी परत दिला. झाकणात नवीन भोक तीन सेंमी बाजूला, जुनं भोक बुजवलं नाही, त्यात अ‍ॅक्रिलिकची गोल चकती दाबून बसवली. साडेसहा फॅट, ही तुमची खिडकी. ग्रीससाठी भोकाभोवती नायलॉनची आठ मिमी उंच कडी उभी केली आणि दांड्यावर तिच्या वर एक रबरी चकती ओवली. आता वरून थेंब आला तर चकतीवरून कडीच्या बाहेर पडतो. गिअरमधलं जुनं ग्रीस केरोसीनने धुऊन काढलं आणि खाद्ययंत्राचं पांढरं ग्रीस भरलं. पिनियन स्टीलचाच आहे, पितळेचा बुश होता तो टेफ्लॉनचा केला.

आणि यंत्र ओट्यावरून खाली उतरवलं. ३५ सेंमी उंचीचं एक लाकडी स्टूल होतं, त्यावर तीन गुटके ठोकून डब्याला खोबण केली. ही खुर्चीवर बसते, स्टूल समोर, दोन्ही पाय स्टुलाच्या खालच्या दांडीवर. डबा फिरायला बघतो तो पायांनी धरला जातो. सी-क्लॅम्प आणायला पुन्हा नागदेवीला जाणार होतो, ते वाचलं. दांड्याचा मध्य आता ६५ वर, कोपराच्या पातळीला.

गिरगावची मावशी
शनिवार, रात्री ८.४०

डेरा पायात धरूनच घुसळायचा असतो हो. पण हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?

वहिनी काय म्हणाल्या ते लिहा.

भांडुपचा फिटर
पुढचा रविवार, सकाळी १०.०५

आज पहिल्यांदा अख्खी घुसळण हिने केली, माझा हात न लागता. बारा मिनिटं. मध्ये दोनदा थांबली, एकदा दुखलं म्हणून आणि एकदा दारावर इस्त्रीवाला आला म्हणून. खिडकी माखलेली होती ती अकराव्या मिनिटाला स्वच्छ झाली, तेव्हा मला हाक मारून दाखवली. ३६० ग्रॅम लोणी, कढवून २८५ ग्रॅम तूप, कणीदार. बेरीत साखर घालून मी खाल्ली.

हिचं म्हणणं असं: बरं आहे, पण डाव्या हाताने फिरवता यायला हवं, म्हणजे हात बदलता येईल. ते काही अवघड नाही. स्टुलावर डबा अर्धा फिरवून ठेवला की दांडा दुसऱ्या बाजूला येतो. तिसरा गुटका फक्त सरकवावा लागेल.

ढवळ्या, यंत्र आधीपेक्षा जड लागतं असं तुम्ही म्हणाला होतात. लागतं, पण शेवटच्या दोन मिनिटांतच. तेव्हा गिअर वेगळा वाजतो, ते ऐकून मी आतल्या खोलीतून ओळखतो.

एकच तक्रार उरलीय. धुवायला गिअर काढताना झाकणावरचे दोन विंगनट (बोटांनी फिरवायचे, पंखवाले) सोडवावे लागतात. त्यातला एक आज मोरीच्या जाळीतून आत गेला. एम ५ साइजचा, स्टेनलेसचा. रविवारी भांडुपला मिळत नाही. सध्या साधा नट लावून पान्याने आवळलाय. हिला पाना चालवायचा नाही.

गिरगावची मावशी
रविवार, सकाळी १०.२०

नटांना दोरा ओवून झाकणाला बांधून टाका. तसाही रवीला दोर लागतोच.